तुझा नंबर माझ्याजवळ

गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले असतात. पाऊस दमलेला असतो, मलकापूरच्या सर्व्हिस रोडवरची डबकी ट्रकच्या दिव्यांत पिवळी दिसतात, आणि मला पहाटे पावणेपाचला टक्क जाग येते. गजर नाही, काही नाही. हात आपसूक उशाशी फोनकडे जातो. फोन गप्प असतो. तीन वर्षं तो या वेळेला वाजलेला नाही, पण हाताला कोण समजावणार? मग मी छताकडे बघत पडून राहते आणि बाहेरून येणारी पावलं ऐकते. ती कुणाची हे मला चांगलं माहीत असतं.

एके काळी हे दिवस मला फार आवडायचे. लग्नसराई संपलेली, गौरींची गडबड अजून सुरू व्हायची, त्यामुळे पार्लर निवांत. माझं मलकापुरात पार्लर आहे, बावीस वर्षं झाली. भुवया, फेशियल सगळं करते, पण माझी खासियत म्हणजे नवरीला साडी नेसवणं. दहा मिनिटांत नऊवारी उभी करते. पिना लावताना मी बघतसुद्धा नाही. तोंडानं नवरीच्या मावशीशी गप्पा चालू आणि हात आपले काम करत असतात. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगते.

जैबुन माझी उंब्रजच्या शाळेतली, एका बाकावरची. दोघी लग्न होऊन मलकापुरातच आलो. तिच्या मालकांचं गाद्यांचं दुकान माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. तिच्या ओढणीला कायम कापसाचे तंतू चिकटलेले, माझ्या अंगाला ब्लीचचा वास. मी जन्माची वेंधळी. दहावीला पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी माझं हॉलतिकीट हरवलं. घर उलटंपालटं केलं, आई रडायला लागली, आणि तिकीट निघालं कुठं, तर वडलांच्या छत्रीच्या घडीत! तिथं कसं गेलं ते आजवर कळलेलं नाही. तेव्हा जैबुननं नियम घातला.

"शैले, आजपासनं तुझं माझ्याजवळ, माझं तुझ्याजवळ. मग बघू कसं हरवतंय ते."

तिचं म्हणणं असं, की आपली वस्तू माणूस कुठंही टाकतो, पण दुसऱ्याची ठेव जिवापाड जपतो. आणि खरंच, त्या परीक्षेत तिचं हॉलतिकीट माझ्या कंपासात आणि माझं तिच्या कंपासात. वर्गाच्या दारात अदलाबदल करायची आणि आत जायचं. पुढं ती सवयच लागली. एसटीच्या प्रवासात माझं तिकीट तिच्याकडे, तिचं माझ्याकडे. लग्नाकार्यात माझे झुबे तिच्या पर्समध्ये. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या बांगड्या तीन दिवस माझ्या हातात होत्या, तिच्या सासूनं मागितल्या तरी मी दिल्या नाहीत. मैत्री म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

पळायचं खूळ माझं. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला सांगितलं, एकटीला पहाटे भीती वाटायची, म्हणून जैबुनला ओढली. दोन रिंगा देऊन कट केलं तर 'निघाले', एक रिंग म्हणजे 'आज न्हाई जमत'. आधी चाललो, मग चालता चालता पळायला लागलो. मी माझ्या लेकाच्या जुन्या ट्रॅकपँटवर कुर्ता घातलेला, तिच्या डोक्याला घट्ट पोपटी स्कार्फ. कॉलेजची पोरं गाडीवरून ओरडायची, "काकू, कुत्रं लागलंय काय मागं?" जैबुन त्यांना असं काही सुनवायची, की दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं बाजूनं जायची. ओल्या उसाचा तो गोडसर वास, इडलीवाल्याच्या पहिल्या घाण्याची वाफ, आगाशिवच्या डोंगरावर लोंबणारे ढग, आणि डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघी, घामानं निथळलेल्या.

मीच पुढं असायचे. हे नीट सांगितलं पाहिजे. वेग माझा, रस्ता माझा, "आज इथवर, उद्या त्या वळणापर्यंत" हे ठरवणं माझं. ती एक पाऊल मागं. मला आपलं वाटायचं, मी हिला ओढून नेतेय. घरी येऊन ह्यांना सांगायचे, "जैबुन बिचारी दमते हो. पण मी सोडत नाही तिला."

तिच्या बुटाची नाडी फार सुटायची. चढावर माझा श्वास फुलायला लागला, छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली, की नेमकी तिची नाडी सुटे. "थांब गं," म्हणायची आणि रस्त्याकडेला बसून बांधत राहायची, सावकाश. मी वैतागून म्हणायचे, "अगं, जरा नवीन घे की नाड्या!" आणि आतून सुटकेचा श्वास टाकायचे. चढावर ती बोलायचीसुद्धा सारखी. नातवाचं, सुनेचं, कापसाच्या भावाचं. मी हूं हूं करायचे, कारण मला बोलायला श्वासच नसायचा. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की जी बाई चढावर एवढं बोलू शकते तिला दम लागलेला नसतो.

साताऱ्याच्या शर्यतीचं माझ्याच डोक्यातून निघालं. एकवीस किलोमीटर, निम्मी घाट चढून आणि तोच घाट उतरून. तीन तासांत पोचलं तर पदक, नाही तर मागून येणाऱ्या बसमध्ये बसायचं. मी पार्लरमध्ये येईल त्या बाईला सांगत सुटले होते. माझ्या खानदानात कुणी बाई रस्त्यावर पळालेली नव्हती. मला ते पदक हवं होतं, आणि त्याहून जास्त हवा होता तो फोटो. शेवटच्या रेघेवर आम्ही दोघी, हातात हात घालून. जागासुद्धा ठरवली होती, पार्लरच्या आरशाच्या वर.

"मला टाकून जायचं नाहीस," मी म्हटलं होतं.

"आपल्याला काय बक्षीस काढायचंय व्हय?" ती हसली होती. "हातात हात घालून जायचं, फोटू काढायचा, गरम वडा खायाचा न् घरी यायचं."

त्या मोसमात ती दर शनिवारी मेढ्याला जायची, लेकीकडं. नातू लहान होता. मी म्हणायचे, "अगं, रविवारी लांबचं पळायचं असतं, आणि तू जातेस!" तर म्हणायची, "काय करू बाई, पोरगं लय लळा लावतंय." मी रविवारी एकटी पळायचे आणि तिची कीव करायचे, की हिचा सराव बुडतोय. कपाळ माझं!

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही साताऱ्याला माझ्या भाचीकडे उतरलो. ह्यांनी गाडीनं नेलं. जाताना माझ्या हौसेनं मी दोघींच्या भुवया कोरल्या होत्या, चेहरे चमकवले होते. फोटोत चांगलं दिसायला नको? दुपारी जाऊन आपापले नंबर आणले. छातीवर लावायचा कागदी नंबर असतो, त्याच्या पाठीला वेळ मोजणारी पट्टी चिकटवलेली; ज्याचा नंबर त्याची वेळ. नाव वगैरे छापलेलं नव्हतं. एकत्र नोंदणी केल्यामुळे आमचे आकडे शेजारचे, माझा सातावर संपणारा, तिचा आठावर. नेहमीप्रमाणे माझ्या नंबराचं पाकीट मी तिच्या पर्समध्ये घातलं, तिचं माझ्या.

त्या संध्याकाळी ती गप्प होती. भाचीनं केलेली खिचडी खाल्ली, खजूर खाल्ले, नमाज पढली आणि खिडकीतून डोंगराकडे बघत बसली. घाटाचे दिवे लागले होते. मी म्हटलं, "घाबरलीस काय गं?" ती म्हणाली, "व्हय, थोडी." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मला तिची फार माया आली होती. हा हात फिरवल्याचा मला नंतर इतका राग यायचा, की विचारू नका.

सकाळी गाडीत अंधार, बाहेर भुरभुर, ह्यांची घाई. "आवं आटपा, रस्ता बंद करतील आता!" माझा चष्मा पुढं डॅशबोर्डवर. पण मला चष्मा कशाला? मी नवऱ्या नेसवते. माझ्या पर्समध्ये आहे ते तिचं, हे मला हॉलतिकिटापासून पाठ. मी माझ्या पर्समधलं पाकीट काढलं, नंबर बाहेर घेतला आणि चार पिनांत तिच्या छातीवर बसवला. तिनं हात वर धरले होते आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. मग तिच्या पर्समधलं काढून तिच्याच हातात दिलं आणि माझी छाती पुढं केली. तिनं काचेतून बाहेर बघत, गार बोटांनी पिना लावल्या. वर आम्ही विंडचीटर चढवले. हे सगळं मी नंतर हजार वेळा पुन्हा बघितलेलं आहे.

सुरुवातीचा गलका, ढोल, माईकवरची आरडाओरड, ओल्या डांबराचा आणि दुखण्यावरच्या मलमाचा वास. हजारो पायांचा एकच आवाज येतो, तो ऐकून मला रडूच आलं. जैबुन शेजारी होती. शहर संपलं, चढ लागला. चौथ्या किलोमीटरला माझा श्वास फुलला. मी वाट बघत होते, आता हिची नाडी सुटेल.

"बरी हायस न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग ये हळूहळू."

आणि ती गेली. बाई गं, काय गेली! मी तिला कधी तसं पळताना बघितलंच नव्हतं. पाठ ताठ, पाय जमिनीला जेमतेम लागतायत, माणसं ओलांडत चालली आहे. पहिल्यांदा मला वाटलं गंमत करतेय, पुढच्या वळणावर थांबेल. मी हाकसुद्धा मारली, "जैबू!" तर आजूबाजूच्या चार बायकांनी वळून बघितलं, तिनं नाही.

घाटाची रचना वाईट. सरळ रस्त्यावर पुढं गेलेलं माणूस एकदाचं दिसेनासं होतं. घाटात ते पुन्हा पुन्हा दिसतं. मी खालच्या वळणावर, तो पोपटी स्कार्फ वरच्या वळणावर. मी त्या वळणावर पोचावं तर तो अजून एक मजला वर. धुकं मधे यायचं तेव्हा बरं वाटायचं. कडेला सोनकी फुललेली होती, लोक थांबून फोटो काढत होते, मला त्या पिवळ्या रंगाची चीड आली. मी मनात मोजत होते, मेढा किती वेळा, किती शनिवार, मेढ्यालाही घाट आहे की. नाडी. आगाशिवचा चढ. माझं सगळं वर्ष एक एक करून उलटं फिरत होतं आणि प्रत्येक दिवशी ती माझ्याकडे बघून हसत होती. मी हिला ओढत नव्हते. ही मला खेळवत होती.

मी अजून चढत होते तेव्हा ती उतरत आली, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. मधे नुसत्या दोऱ्या होत्या. तिनं मला बघितलं, हात अर्धा वर केला. मी कठड्याकडे मान फिरवली. त्यानंतर माझ्या पायात काही राहिलं नाही. अकराव्या किलोमीटरला वळले, तेराव्याला पोटरीत गोळा आला, कडेला मदतीला उभ्या एका पोरीनं दुखण्यावरचा फवारा मारला, "मावशी, चालत चला" म्हणाली. चाललेसुद्धा थोडी. मागून ती बस घरघरत आलीच. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि वाट बघितली. मी चढले. आत सात-आठ जणं होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं, काचा श्वासानं धुरकटलेल्या. मी तोंडावर रुमाल धरून मनसोक्त रडले. पाय दुखतोय म्हणून रडतेय, असं शेजारच्या बाईला वाटलं असेल.

बस मैदानाच्या मागच्या अंगाला थांबली. जैबुन तिथंच उभी होती. तिला कसं कळलं मी बसनं येईन? कळणारच. गळ्यात पदक, हातात दोन केळी. एक माझ्यापुढं धरलं.

"फसवलंस मला," मी म्हटलं.

तिनं केळं तसंच पुढं धरून ठेवलं.

"मेढ्याला घाट पळत होतीस?"

"नातवाला बघायला बी जात हुते. आन् घाट बी पळत हुते."

"सांगायचं तरी होतंस!"

"सांगितलं असतं तर तू व्हय म्हणली असतीस. आन् रडली असतीस. मग माझा पाय उचलला नसता." ती खाली बघत होती. "पन्नाशी आली माझी, शैले. आधी अब्बाच्या मागनं, मग ह्यांच्या मागनं, मग पोरांच्या. तुझ्यासंगं बी तुझ्या मागनंच. एकदा बघायचं हुतं, माझा पाय कुठवर जातोय."

मला काय उत्तर द्यायचं ते सुचलं असतं, जीभ माझी काही कमी नाही. पण तेवढ्यात माईकवरून नाव आलं. पंचेचाळीस ते पन्नास वयोगट, महिला, तिसरा क्रमांक. शैला, मलकापूर. माझं नाव.

आम्ही दोघींनी एकदमच विंडचीटरच्या चेन खाली ओढल्या, आपापल्या छातीकडे बघितलं आणि मग एकमेकींच्या. तिच्या छातीवर सातावर संपणारा आकडा होता. माझ्यावर आठावर संपणारा. बसमध्ये बसून आली ती तिची पट्टी. वाऱ्यासारखी घाट उतरली ती माझी.

आधी मला वाटलं माझ्याच वेंधळेपणानं झालं. मग थंड डोक्यानं विचार केला. माझ्या पर्समध्ये तिचं पाकीट असायला हवं होतं. तिथं माझं कसं होतं?

"तू पाकिटं कधी बदललीस?"

"काल सांजच्याला," ती म्हणाली. "तू न्हाणीत हुतीस तवा. तुझं तुझ्या पर्समधी ठेवलं, माझं माझ्या."

"का?"

"उद्या कोण कुठं आसंल, म्हटलं. आपापलं आपल्याजवळ आसावं. सकाळी तू लावत हुतीस तवा ध्यानच न्हवतं माझं."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं मला परत केलं होतं, न सांगता. म्हणजे घाटात पाय सुटला, मोह झाला, असं काही नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा ती मला सोडून मोकळी झालेली होती. पळून गेली त्याचं मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण ती पर्स उघडून, माझं पाकीट आत सरकवून, हळूच चेन लावणारी तिची बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. घाटात झालं नाही इतकं तिथं दुखलं.

आणि तेवढ्यात आमचे हे धावत आले. माझा फोन ह्यांच्याकडे होता. त्यावर मेसेज आलेला, अभिनंदन, आपण शर्यत पूर्ण केली, दोन तास सोळा मिनिटं. ह्यांनी तो वाचून माझ्या माहेरी, सासरी, पार्लरच्या बायकांच्या ग्रुपवर, सगळीकडे कळवून टाकलं होतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नात नव्हतं ते पाणी. "आगं, तिसरी आलीस! हितं काय करतीस, नाव पुकारतायत!" म्हणून हे स्टेजकडे जागा धरायला पळाले.

"थांब," जैबुन म्हणाली. तिनं स्वतःच्या छातीवरच्या चार पिना काढल्या, माझ्या छातीवरच्या चार काढल्या, नंबर बदलले, गळ्यातलं पदक काढून खिशात टाकलं. माझा नंबर माझ्या अंगावर लावताना तिनं या वेळी नीट बघून, एकेक पिन सरळ लावली. "तिकडं नंबर बघतील," म्हणाली. "जा."

मी नाही म्हणू शकले असते. बघा, एवढंच म्हणायचं होतं, "माझं नाही हे." मी गेले. पायऱ्या चढताना माझी पोटरी दुखत होती, लोकांना वाटलं पळून पळून दुखतेय. हातात डोंगराच्या आकाराची पितळी ट्रॉफी आली, गळ्यात पदक पडलं. एका मुलीनं माईक पुढं केला, "ताई, काय सांगाल?" मी म्हटलं, घरच्यांचा पाठिंबा होता. खाली गर्दीत पोपटी स्कार्फ टाळ्या वाजवत होता. मी तिचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, बरी जिरली.

गाडीत परत येताना ह्यांनी विचारलं, "जैबुनचं काय झालं?" ती मागच्या सीटवर होती. म्हणाली, "मला न्हाई झेपलं, दाजी. बसनं आले."

मलकापुरात फटाके लागले. पार्लरमध्ये पेढे वाटले. आरशाच्या वर फोटो लागला, माझा एकटीचा, ट्रॉफी धरलेला. नवऱ्या त्या फोटोकडे बघत पिना लावून घेतात आणि त्यांच्या मावश्या विचारतात, "तुमीच व्हय ह्या?" शर्यतीची यादी फोनवर अजूनही निघते. माझ्या नावापुढं दोन तास सोळा मिनिटं, आणि खाली जैबुनच्या नावापुढं 'अपूर्ण'. तिच्या दुकानात गादी भरायला टाकायला गेलेल्या बायका तिला ऐकवतात, "शैलाताईंनी पुरी केली बघा, तुमी सोडली व्हय?" ती म्हणते, "व्हय, त्यांचा दम लय." हे मला त्या बायकांनीच येऊन सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून.

तीन वर्षं मी रागावलेली आहे. राग टिकवायला मेहनत लागते, पहाटेच्या पळण्यासारखीच, रोज उठून थोडा थोडा करावा लागतो. तिनं मला फसवलं हे मी बहिणीला सांगितलं, भाचीला सांगितलं, पार्लरमधल्या पोरींना सांगितलं. अर्धी गोष्ट सांगितली. घाटात टाकून गेली, इथपर्यंत. पुढची अर्धी कुणाला सांगितली नाही. आणि तिनं कुठलीच सांगितली नाही. ही गोष्ट मला दरवर्षी या दिवसांत थोडी जास्त टोचते. ती रोज पहाटे माझ्या घरावरून पळत जाते, गेटपाशी तिची पावलं जराशी मंदावतात, मग पुन्हा वेग घेतात. ती गेली की मी उठते, बूट घालते आणि उलट्या दिशेनं चालायला जाते. डॉक्टर म्हणतात साखर पुन्हा वाढलीय.

काल यंदाच्या शर्यतीचा मेसेज आला. 'मागील विजेत्यांना विशेष आमंत्रण.' मी बराच वेळ तो मेसेज धरून बसले होते. ह्यांनी लगेच विचारलं, "भरायचा का फॉर्म?" मला हसावं की रडावं कळेना.

आज पावणेपाचला डोळे उघडले. हात फोनकडे गेला. आणि मी दोन रिंगा दिल्या. कट केलं. कपाटावरची ट्रॉफी काढली, कुर्त्याच्या टोकानं पुसली आणि गेटपाशी जाऊन उभी राहिले. छातीत असं धडधडत होतं, की घाटात काय धडधडलं असेल!

ती आली. स्कार्फ तोच, विटलेला. माझ्यासमोर थांबली, पण पाय जागच्या जागी हलत होते. आता पन्नाशीही उलटली, तरी श्वास अगदी सरळ. मी ट्रॉफी पुढं केली.

"हे काय?"

"तुझं आहे."

तिनं ती हातात घेतली. खांबावरच्या दिव्याखाली धरून माझं नाव वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग परत माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याजवळ."

"जैबू, अगं, मी..."

"माझं तुझ्याजवळ, तुझं माझ्याजवळ," ती म्हणाली. "तीन वर्सं सांभाळतेच हाय की मी."

माझं काय आहे हिच्याजवळ, हे विचारायची गरज नव्हती. यादीत तिच्या नावापुढं लिहिलेलं आहे, 'अपूर्ण'.

ती वाकली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. सावकाश, पूर्वीसारखी. मी खाली बघितलं. नाडीला चांगल्या दोन गाठी होत्या, सुटायचं नावच नव्हतं. ती माझ्यासाठी थांबली होती. मी बूट घालून येईपर्यंत ती थांबली असती, आणि मग माझ्या मागून, माझ्या वेगानं, सुनेचं आणि कापसाचं बोलत आगाशिवपर्यंत आली असती. मला तेच हवं होतं, तीन वर्षं.

"घट्ट आहे ती," मी म्हटलं. "पळ तू."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"पळ की. तुझ्या पायानं पळ. मला बघू दे."

ती उठली. स्कार्फच्या टोकानं डोळे पुसले, का घाम, कुणास ठाऊक. आणि गेली. सर्व्हिस रोडनं, डबकी चुकवत, दुधाच्या गाडीला मागं टाकत, उड्डाणपुलाखालून वळेपर्यंत. मी ट्रॉफी हातात धरून गेटात उभी होते आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.